छताला कयाक टांगायचीय? आधी छत कसलं ते बघा

मागच्या अंकात सायकल भिंतीला कशी टांगायची ते लिहिलं होतं, त्यावर चार-पाच जणांनी जवळपास एकच विचारलंय, की आमच्याकडं कयाक (वल्ह्यानं चालवायची लांबट, अरुंद होडी) आहे, ती गॅरेजमध्ये कप्पीनं वर ओढून छताला ठेवता येईल का. मराठवाड्यात कयाक हे वाचून काही जणांना नवल वाटेल पण नाथसागर, येलदरी, विष्णुपुरी, माजलगाव एवढं पाणी आपल्याकडं आहे आणि पोरंपोरी आता पाण्यात उतरायला लागलीत, ही लई चांगली गोष्ट आहे. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : माझ्याकडं दहा फुटी प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायची कयाक आहे, वजन २५ किलो. घराखाली गॅरेज आहे, वर आरसीसी स्लॅब, उंची दहा फूट. गाडी लावली की कयाकला जागाच राहत नाही, आत्ता ती भिंतीला उभी टेकवलेली असते आणि लेकरं खेळता खेळता पाडतात. ऑनलाइन कप्प्यांचं हॉइस्ट किट मागवलंय, त्यात दोन ब्रॅकेट, कप्प्या, दोऱ्या, हूक आणि मूठभर स्क्रू आलेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून अर्ध्या तासात बसवून देतो. बसवून घेऊ का? (सिडको, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गिट्टीवर नका बसवू दादा. किट चांगलं असेल, इलेक्ट्रिशियनही कामाचा असेल, पण ते स्क्रू आपल्या छतासाठी केलेलेच नाहीत. ही किटं मूळ अमेरिकेतल्या गॅरेजच्या हिशोबानं बनतात, तिथं छताला लाकडी वासे असतात आणि स्क्रू थेट लाकडात पिळत जातो, म्हणून तो धरतो. आपल्याकडं वर काँक्रीट. काँक्रीटमध्ये तोच स्क्रू बसवायचा म्हणजे मधी प्लास्टिकची गिट्टी आली, आणि गिट्टी नुसत्या घर्षणावर धरते. भिंतीवर फोटो किंवा शेल्फ टांगलं तर ओझं गिट्टीला आडवं येतं, ती निभावून नेते, पण छताला तेच ओझं तिला सरळ खाली ओढतं, म्हणजे ती ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं बाहेर ओढतं, आणि प्लास्टिक उन्हाळ्यात जरा ढिलं झालं की विषय संपला. खाली गाडी असते आणि गाडीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे खाली लेकरं असतात.

छताला लागतो तो लोखंडी अँकर फास्टनर. हार्डवेअरवाल्याला नुसतं फास्टनर म्हटलं तरी कळतं, नट पिळला की त्याचं टोक आत फुलतं आणि काँक्रीटला आवळून बसतं. किटच्या ब्रॅकेटला जेवढी भोकं तेवढे फास्टनर लावा, ८ किंवा १० एमएमचे, ब्रॅकेटच्या भोकात जो बसेल तो. भोक पाडायला हॅमर ड्रिलच पाहिजे आणि बिट फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचं, थोडं मोठं चालेल असं अजिबात नाही, ढिल्या भोकात फास्टनर जागेवर गरागरा फिरत राहतो आणि फुलतच नाही.

ड्रिल चालू असताना तिथंच उभं राहून बघा, कारण भोक स्वतःच सांगतं वर काय आहे. सुरुवातीला मऊ पांढरट पूड पडते, ते प्लास्टर. मग आवाज जड होतो आणि राखाडी, खरखरीत पूड पडायला लागते, ते काँक्रीट, आणि फास्टनरची खोली तिथून मोजायची, प्लास्टर धरायचंच नाही. पूड पांढरीच पडत राहिली किंवा बिट एकदम सर्रकन आत गेलं तर तिथं पोकळ आहे, जागा बदला. मधेच बिट अडकलं, पुढं जाईना, आवाज टणटण यायला लागला, तर गज लागलाय, जोर लावू नका, दोन इंच बाजूला सरका. घराचा स्लॅब साधारण चार ते पाच इंचांचा असतो, त्यामुळं फार खोलही जायचं नाही, नाहीतर वरचं पाणी तिथूनच खाली येईल. आणि पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीकडं जी सरळ रेघ जाते त्या रेघेत ड्रिल घालूच नका, स्लॅबमध्ये वायरींचे पाइप तसेच जातात. बीमच्या पोटातही नको, मुख्य गज तिथंच असतात. फास्टनर बसवण्याआधी भोकातली पूड फुंकून, ब्रशनं साफ करून घ्या, हे कुणी करत नाही आणि अर्धी पकड तिथंच जाते.

दोन ब्रॅकेटमधलं अंतर किती ठेवायचं हे कयाक ठरवते. दहा फुटी कयाकला पट्टे दोन्ही टोकांपासून साधारण अडीच फुटावर येतात, म्हणजे दोन पट्ट्यांत पाच फूट, तेवढंच अंतर वर ब्रॅकेटमध्ये. दोऱ्या सरळ खाली लोंबायला पाहिजेत, तिरप्या आल्या की दोरीवर ताण वाढतो आणि ब्रॅकेट बाजूला ओढला जातो. टोकाच्या ज्या मुठी असतात, ज्यांना धरून आपण कयाक उचलतो, त्यांना हूक अडकवून टांगू नका, त्या उचलण्यापुरत्याच आहेत. दोन टोकांना टांगलेली प्लास्टिकची कयाक दोन-तीन महिन्यांत मधोमध खाली झोळते आणि मग पाण्यात सरळ चालत नाही. पट्टा दोन इंच रुंद घ्या, टेम्पोवाले सामान बांधायला वापरतात तसला बेल्ट चालतो, पण रॅचेटनं आवळून बांधायचं नाही, कयाक त्यात नुसती निजली पाहिजे. बुड वर करून, पालथी टांगली तर अजून बरं, कारण डेककडच्या, म्हणजे वरच्या बाजूच्या कडा कडक असतात आणि बुडाचा सपाट पत्रा दबत नाही.

आता कप्पीचं गणित, कारण इथं किटवरचा आकडा बघून माणूस निवांत होतो. या किटवर बहुतेक १०० किंवा १२५ पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ ते ५७ किलो. तो आकडा कप्पी आणि दोरीचा आहे, तुमच्या छताचा नाही. दोन टोकांना दोन वेगळ्या दोऱ्या, प्रत्येक दोरी ब्रॅकेटला बांधून खाली हूकच्या कप्पीतून परत वर जाते, मग दोन्ही दोऱ्या एका बाजूला येतात आणि आपण त्या एकत्र ओढतो. हूकची कप्पी हलती असल्यामुळं ओझं निम्मं होतं, म्हणजे २५ किलोला साडेबारा किलोचा ओढा, कप्प्यांचं घर्षण धरून पंधरा-सोळा. बदल्यात दोरी दुप्पट ओढावी लागते, कयाक सहा फूट वर न्यायला बारा फूट. विहिरीवरचा एकच गडगडा नुसती दिशा बदलतो, ओझं कमी करत नाही, हलती कप्पी आली की ते कमी होतं, एवढाच फरक.

पण छताला काय येतं ते बघा. लांबच्या ब्रॅकेटवर साडेबारा किलो. जवळचा ब्रॅकेट, जिथून दोन्ही दोऱ्या खाली तुमच्या हातात येतात, त्याच्यावर त्याच्या बाजूचे साडेबारा आणि वरून तुमच्या ओढण्याचे साडेबारा, म्हणजे ओढताना तो एकटा जवळपास अख्ख्या कयाकचं ओझं घेतो. झटका दिला तर त्याहून जास्त. म्हणून मिस्त्रीला सांगताना हाच ब्रॅकेट दाखवून सांगा की इथं सगळ्यात चांगलं काँक्रीट शोध. कयाक लावायच्या आधी तपासून घ्या, आपल्याकडं त्यासाठी पाण्याचे जार आहेतच, २० लिटरचा भरलेला जार म्हणजे २० किलो. लांबच्या ब्रॅकेटला दोन, जवळच्याला तीन, किटची दोरी न वापरता वेगळ्या जाड दोरानं थेट ब्रॅकेटला बांधून, जमिनीपासून चार बोटं वर, रात्रभर. त्याआधी ब्रॅकेट छताला जिथं टेकतो तिथं पेन्सिलनं रेघ मारा. सकाळी रेघ आणि ब्रॅकेट यात फट दिसली तर फास्टनर सरकलाय, काढून दुसरीकडं लावा.

दोरी अडवायला ब्रॅकेटमध्ये छोटा दातेरी लॉक असतो, दोरी एका कोनात ओढली की दात चावतात, दुसऱ्या कोनात ओढली की सोडतात. तो चांगला असतो पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कयाक ठेवायची नाही. आपल्याकडं जी धूळ उडते ती या दातांत जाऊन बसते, दोरीचे धागे सुटतात आणि दोरी हळूहळू सरकायला लागते. आणि दोरी बदलताना जाडी बदलली तर लॉक धरतच नाही. भिंतीवर छातीच्या उंचीवर दोन टोकांची मजबूत खुंटी बसवा, दोरीला आठाच्या आकड्यात तीन-चार वेढे द्या. मी तर म्हणतो त्याच्याही पुढं जा, छताला दोन जादा हूक लावा, फास्टनरवरच, आणि कयाक वर गेली की स्टुलावर चढून त्या हुकांतून दोन पक्के पट्टे खालून घाला. चढवायला कप्पी, राहायला पट्टा. मग दोरी कधी तुटली तरी काही होत नाही.

एक राहिलंच, शटर. आपलं रोलिंग शटर गुंडाळून दाराच्या वर बसतं, त्याचा ड्रम एक-सव्वा फूट खाली येतो, कयाकचं टोक त्याच्यापासून मोकळं राहील असं माप आधी खडूनं जमिनीवर काढा. आणि दहा फुटी स्लॅबखाली कयाक अन् पट्टे मिळून दोन फूट जातात, खाली आठ राहतात, कुठलीही कार आरामात येते, ट्रॅक्टर असेल तर मोजून बघा.

प्रश्न : आमच्या शेतातल्या आखाड्यावर पत्र्याचं शेड आहे, अँगलचे ट्रस म्हणजे कैच्या आणि वर पत्रे. पुतण्याची कयाक येलदरीला न्यायची म्हणून इथंच ठेवतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची पोती आणि कापूस आला की शेड भरून जातं म्हणून ती वर टांगावी म्हणतो. लोखंड आहे, वेल्डिंगनं हूक मारून घेतले की झालं ना? (परभणी जिल्हा)

उत्तर : काका, लोखंड धरेल, प्लास्टिक धरणार नाही.

कयाक ज्या प्लास्टिकची असते ते पॉलिथिलीन, साच्यात फिरवून केलेलं. ते मे महिन्यात वितळत नाही, पण तापलं की नरम होतं आणि नरम असताना त्याच्यावर जिथं ओझं असतं तिथं दबतं, पट्ट्याच्या जागी खळगा पडतो. परभणीला बाहेर ४२-४३ असताना पत्र्याच्या लगेच खाली काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, दुपारी शिडीवर चढून पत्र्याजवळ हात नेऊन बघा, दोन मिनिटं धरवत नाही. शेडमधली सगळी गरम हवा वर जाऊन तिथंच बसते, आणि आपण कयाक नेमकी तिथं नेऊन बांधतो. अमेरिकेतल्या गॅरेजला बर्फाची काळजी असेल, आपली काळजी ऊन आहे.

त्यामुळं तुमच्यासाठी असं सांगतो. दिवाळी ते होळी टांगा, बिनधास्त. होळीनंतर पोती गेलेली असतात, शेड मोकळं होतं, तेव्हा खाली उतरवा आणि घराच्या ज्या भिंतीला दिवसभर सावली असते तिथं कुशीवर ठेवा, खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घालून. मृगाचा पाऊस पडून गारवा आला की परत वर. वर असतानासुद्धा पत्र्याला चिकटवून नको, दोन-तीन फूट खाली राहू द्या म्हणजे मधून हवा खेळते.

आणि हूक कुठं मारायचे ते. ज्या आडव्या पट्ट्यांवर पत्रे बसवलेत त्या पर्लिनला टांगू नका, त्या फक्त पत्र्याचं वजन आणि वाऱ्याचा हिशोब धरून टाकलेल्या असतात. ट्रसमध्ये जिथं तीन-चार अँगल एकत्र येऊन जोड होतो, त्या जोडाला टांगा. अँगलच्या मधोमध नको, तिथं तो वाकतो. शक्यतो वेल्डिंग न करता यू-बोल्ट किंवा क्लॅम्पनं आवळा, गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पातळ अँगलवर मोठा करंट दिला की अँगल तिथंच जळून कमजोर होतो. अवकाळी वावटळ पत्रे उचलते हे दरवर्षी बघतो आपण, ती आली तर लोंबणारी कयाक झुलून पत्र्याला आतून धडका देते, म्हणून मधून एक आडवी दोरी खांबाला बांधून ठेवा. खालचा ड्रेनचा बूच उघडा, झाकणं ढिली ठेवा, आतली हवा तापून फुगायला जागा पाहिजे.

प्रश्न : मुलगी कॉलेजला बाहेरगावी असते, सुट्टीत आली की कयाक काढते. मी एकटी असते, वय ५८, कंबर दुखते. कप्पीनं मला एकटीला जमेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, जमेल, पण साध्या कप्पीवर एकटीनं करू नका. वर सांगितला तो पंधरा किलोचा ओढा फार वाटत नाही, खरा त्रास मधेच थांबायचा असतो, कयाक चार फुटांवर लोंबतेय, हात भरून आलेत आणि लॉक लागत नाहीये, त्या क्षणी माणूस कंबरेला झटका देतो. तुमच्यासाठी हँड विंच सांगेन. भिंतीवर कंबरेच्या उंचीला बसवायचं, दोन्ही दोऱ्या त्याच्या ड्रमवर एकत्र गुंडाळायच्या म्हणजे कयाक दोन्ही टोकांनी सारखी वर जाते, आणि हँडल फिरवायचं. सोडलं की जिथं असेल तिथं थांबलं पाहिजे, हे घेताना दुकानातच बघा. बोटीच्या ट्रॉलीला लावतात ते रॅचेटचं विंच स्वस्त मिळतं, पण त्यात उतरवताना दात सोडला की हँडल उलटं गरगर फिरतं आणि मनगटावर बसतं. ब्रेकवालं किंवा वर्म गिअरवालं मागा, वर्म गिअर उलटा फिरतच नाही. हळू चालतं, पण तुम्हाला कुठं घाई आहे.

भिंत नऊ इंची विटांची असेल तर फास्टनर चालतील, पण विंच सांध्याच्या चुन्या-सिमेंटात नको, भरीव विटेत. हलक्या राखाडी एएसी ब्लॉकची भिंत असेल तर साधा फास्टनर त्यात फुलून ब्लॉकच फोडतो, तिथं आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावायला सांगा. गॅरेजमध्ये कॉलम असेल तर सगळ्यात उत्तम, विंच कॉलमला.

वजन नक्की माहीत नसेल तर घरातला वजनकाटा एका टोकाखाली ठेवा, दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आकडा लिहा, मग उलट करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे कयाकचं वजन. आणि उतरवून झाली की ती ओढत दारापर्यंत नेऊ नका, दोन चाकांची छोटी ट्रॉली मिळते, मुलीला सांगा घेऊन यायला.

प्रश्न : आमचा जुना वाडा आहे, दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, सागाच्या तुळया एवढ्या जाड आहेत की हत्ती टांगला तरी काही होणार नाही. तिथं हॉइस्ट बसवू का? (उमरगा)

उत्तर : तुळई धरेल यात शंका नाही, ती ज्या भिंतीत बसलीय त्या भिंतीचा विचार करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती बहुतेक याच बांधकामाखाली, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. तुमच्या तालुक्यानं ते सगळं बघितलंय. हिंगोली-नांदेड भागात २०२४ मध्ये सुद्धा धक्के जाणवले. जुन्या तुळईच्या भिंतीतल्या टोकाला ओल आणि वाळवी लागलेली असते, बाहेरून ती ठणठणीत दिसते. अशा घरात वर अजून काही लोंबवायचं नाही, भोकं पाडायची नाहीत. वाड्याची ढेलज मोकळी असेल तर दोन लाकडी घोड्या करा, वर गोधडी टाका आणि कयाक पालथी ठेवा. माळवदाखाली गारवा असतो, तुमची कयाक पत्र्याखालच्या कयाकपेक्षा जास्त वर्षं टिकेल.

प्रश्न : लातूरला फ्लॅट आहे, खाली स्टिल्ट पार्किंग. माझ्या पार्किंगच्या वर छताला टांगली तर सोसायटी आडवी येईल का?

उत्तर : येईल आणि यायलाच पाहिजे. पार्किंग तुमच्या नावावर असलं तरी वरचा स्लॅब सगळ्यांचा आहे, लेखी परवानगी घ्या. बिल्डरकडून एवढं विचारा की स्लॅब साधा आहे की पोस्ट-टेन्शन, मोठ्या नव्या बिल्डिंगमध्ये पोस्ट-टेन्शन असू शकतो, त्यात ताणलेल्या केबल असतात आणि त्यातल्या एकीला ड्रिल लागलं तर ते प्रकरण कयाकपुरतं राहत नाही. पार्किंगला खाली ड्रेनेजचे पाइप आणि फायरची लाइन पण जाते, त्यांना दोरी बांधलेली मी बघितलीय, कृपा करून तसं करू नका. परवानगी नाही मिळाली तर हवेची कयाक घ्या, घडी होते, कपाटावर बसते. फक्त पूर्ण वाळवून घडी घाला आणि उंदरापासून जपा, एका कुरतडीत ती गेली.

प्रश्न : २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या वस्तीवरची माणसं घरांवर अडकली होती. त्यानंतर आम्ही चार घरांनी मिळून दोन कयाक घेतल्या, परत तशी वेळ आली तर असाव्यात म्हणून. माझ्या गॅरेजमध्ये कप्पीनं वर ठेवल्या तर पूर आला तरी सुरक्षित राहतील ना? (परंडा तालुका)

उत्तर : तुम्ही लोकांनी एकत्र येऊन काही केलं याचं मनापासून कौतुक वाटतं. दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

ठेवण्याचं म्हणाल तर पुरासाठी ठेवलेली वस्तू बंद शटरच्या आत छताला नको. गॅरेजमध्ये तीन फूट पाणी, लाइट गेलेली, शटरपुढं गाळ, अशा वेळी तुम्ही दोरी सोडणार कशी. हाताच्या कप्पीला लाइट लागत नाही ही जमेची बाजू, पण दार उघडलं पाहिजे ना. वस्तीत सगळ्यात उंचावर ज्याचं घर आहे त्याच्या ओसरीत, भिंतीला ब्रॅकेट लावून कुशीवर ठेवा, दोरीनं बांधा पण कुलूप लावू नका, किंवा किल्ली चारही घरांत ठेवा. वल्ही आणि लाइफ जॅकेट कयाकबरोबरच पाहिजेत, दुसऱ्या खोलीत नकोत. ओसरीवर ऊन येत असेल तर ताडपत्री आडवी धरा, उन्हानं प्लास्टिक दोन-चार वर्षांत ठिसूळ होतं.

आणि दुसरी. वाहत्या पुरात कयाक घेऊन कुणाला काढायला जाऊ नका. एका माणसाची कयाक घाबरलेल्या दुसऱ्या माणसानं बाजूनं धरली की उलटते, आणि पुराच्या पाण्याखाली तारेचं कुंपण, ऊस, पाइप, पाडलेली झाडं असतात, धार तुम्हाला त्यात नेऊन दाबते आणि सुटता येत नाही. एनडीआरएफ, एसडीआरएफची माणसं रुंद रबरी बोटी घेऊन, शिकून, दोराला बांधून उतरतात, तरी ती विचार करून उतरतात. तुमच्या कयाक पूर संथ झाल्यावर, साचलेल्या पाण्यात, औषधं, दूध, पाण्याचे जार पोचवायला लई उपयोगाच्या आहेत, जॅकेट घालून, ज्याला पोहता येतं अशानं. त्याचा सराव उन्हाळ्यात जवळच्या तलावात करून ठेवा, पहिल्यांदा पुरातच बसायचं असं नको. धार असेपर्यंत वरच्या मजल्यावर जाऊन १०७७ ला, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन.

प्रश्न : नाथसागरात कुठंही कयाक उतरवता येते का? वर टांगायची सोय झालीय, आता खाली कधी काढायची तेवढं सांगा. (पैठण)

उत्तर : कुठंही नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वनविभाग आणि जलसंपदा, दोन्हीकडं विचारूनच. हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि बदकं काठच्या उथळ पाण्यात असतात, कयाक जवळ गेली की अख्खा थवा उठतो, त्यांचं खाणं मोडतं, म्हणून परवानगी मिळाली तरी त्या बाजूला जाऊ नका. पाणी उथळ आणि पसरट असल्यामुळं दुपारनंतर वारा सुटला की लाटा एकदम वाढतात, सकाळी लवकर जा, नऊ-दहापर्यंत काठाला या. आणि परत आल्यावर ओली कयाक तशीच वर ओढू नका. आतलं पाणी राहिलं की वजन चार-पाच किलोनं वाढतं, तेही एका टोकाला, मग एक दोरी जास्त ताणते आणि कयाक तिरकी वर जाते. बूच काढून, तिरपी धरून सगळं पाणी निथळू द्या, फडकं मारा, अर्धा तास सावलीत ठेवा, मग पट्टे घाला.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना छताचा आणि भिंतीचा फोटो जोडा, फोटोत खालच्या गाडीपेक्षा वरचा स्लॅब किंवा ट्रस नीट दिसेल असा काढा, उत्तर देणं सोपं जातं.